कार्यवाहानेच आपल्या वाचनालयावर लिहावं का, आणि लिहिलं तर कसं?

प्रश्न थोडक्यात असा. सोलापूरच्या पूर्व भागातलं, शताब्दीच्या जवळ आलेलं एक सार्वजनिक वाचनालय. त्याच्या मानद कार्यवाहांनी मराठी विकिपीडियावर वाचनालयाचा लेख लिहिला आणि तो जाहिरातवजा ठरून काढला गेला. आता ते तीन गोष्टी विचारतात. मी संस्थेतला म्हणून मी लिहूच नये का? लिहिलं तर तटस्थ कसं लिहायचं? आणि मध्यंतरी विश्वस्तांचा वाद धर्मादाय आयुक्तांकडे गेला, त्या काळात वाचनालय बंद होतं, ते लिहायचं की गाळायचं? काढलेल्या लेखाचा मजकूरही त्यांनी सोबत दिला आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, कारण ते सोपं आहे. लिहा की ओ, कुणी अडवलेलं नाही. पण लेखाच्या पानावर थेट लिहू नका, आणि आपण कोण आहोत ते लपवू नका. तुम्ही मानद आहात, पगार घेत नाही, त्यामुळे पैसे घेऊन लिहिणाऱ्यांचा नियम तुम्हाला लागत नाही. तरी संस्थेच्या नावाशी तुमचं नाव बांधलेलं आहे. याला तिथे हितसंबंध म्हणतात आणि तो उघड सांगणं अपेक्षित असतं. बऱ्याच कार्यकारिणींत यावर एक तोडगा निघतो, "आपल्या ग्रंथपालांना सांगू लिहायला." हा तोडगा उलटा पडतो. ग्रंथपाल पगारी आहेत आणि कामाचा भाग म्हणून लिहिणार आहेत, म्हणजे ते मोबदला घेऊन केलेलं लेखन झालं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या वापराच्या अटींत जून २०१४ पासून अशा लेखनात कुणासाठी आणि कुणाच्या पैशावर लिहितो हे जाहीर करणं बंधनकारक आहे. पुतण्याच्या नावाने खातं काढणं हा दुसरा आवडता मार्ग. त्याबद्दल एवढंच सांगतो की प्रत्येक लेखाचा 'इतिहास' सगळ्यांना दिसतो, आणि आयुष्यात एकाच वाचनालयावर लिहिणारं खातं लगेच डोळ्यांत भरतं.

हे जगभर अनेकांना महागात पडलं आहे. विकिपीडियाच्या संस्थापकांपैकी एक, जिमी वेल्स यांनी २००५ साली स्वतःवरच्या लेखात स्वतःच बदल केले. सहसंस्थापक म्हणून लॅरी सँगर यांचं श्रेय किती, हा मुद्दा त्यात होता. बदलांचा इतिहास उघडाच असल्यामुळे ते उघडकीला आलं आणि वेल्स यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुढे २००७ मध्ये व्हर्जिल ग्रिफिथ या अमेरिकी विद्यार्थ्याने विकीस्कॅनर नावाचं साधन तयार केलं. खातं न उघडता केलेला बदल कोणत्या कंपनीच्या किंवा सरकारी कचेरीच्या संगणकजाळ्यातून आला, हे त्यात दिसायचं. आपल्याबद्दलचा नकोसा मजकूर गुपचूप काढणारे कोण कोण होते ते तेव्हा जगाला कळलं. तिथे वाचनालयाच्या कार्यवाहांना कोण विचारतो असं वाटेल, पण नियम त्या अनुभवातून घट्ट झाले आहेत आणि ते सगळ्यांना सारखे लागतात.

आता तटस्थपणाकडे. तुमच्या काढलेल्या लेखाचं पहिलं वाक्य होतं, "सोलापूरच्या सांस्कृतिक वैभवात मानाचा तुरा ठरलेले हे वाचनालय गेली नऊ दशके ज्ञानदानाचे पवित्र कार्य अखंडपणे करीत आहे." लेख परत लिहायला बसणारा माणूस 'मानाचा तुरा' आणि 'पवित्र' काढतो, "हे वाचनालय गेली नऊ दशके अखंडपणे कार्यरत आहे" एवढं ठेवतो आणि झालं तटस्थ म्हणून मोकळा होतो. पण वाचनालय मध्ये बंद होतं हे तुम्हीच तिसऱ्या प्रश्नात सांगताय. मग 'अखंडपणे' कुठून आलं? स्मरणिकेतून. आणि 'नऊ दशके' कोणत्या तारखेपासून मोजली? तेही स्मरणिकेतूनच. झुकाव विशेषणांत थोडा असतो; खरा असतो तो आपण कुणाच्या कागदावरून लिहायला बसलो त्यात.

म्हणून विशेषणं शेवटी काढा. आधी कागदांचे दोन गठ्ठे करा. एका गठ्ठ्यात संस्थेने किंवा संस्थेच्या माणसांनी लिहिलेलं सगळं: वार्षिक अहवाल, स्मरणिका, संस्थापकांच्या मुलाने लिहिलेलं चरित्र, सत्काराची मानपत्रं, तुमचं संकेतस्थळ. दुसऱ्या गठ्ठ्यात ज्यांचं तुमच्या वाचनालयात काही अडकलेलं नाही अशांनी लिहिलेलं. लेख दुसऱ्या गठ्ठ्यावरून लिहायचा. पहिल्या गठ्ठ्यातून फक्त कोरडी माहिती उचलायची: पत्ता, शाखा, अमुक सालच्या अहवालानुसार ग्रंथसंख्या. आपण किती मोठे, किती जुने, किती पहिले, हे पहिल्या गठ्ठ्यावरून कधीच लिहायचं नाही.

दुसरा गठ्ठा करताना सोलापुरात, आणि खरं तर कुठल्याही जिल्ह्याच्या गावात, एक मोठी फसगत होते ती वर्तमानपत्रांच्या कात्रणांनी. 'संचार' या इथल्या दैनिकात आलंय, पुण्या-मुंबईच्या दैनिकाच्या सोलापूर आवृत्तीत आलंय, म्हणजे बाहेरचा पुरावा झाला असं वाटतं. ते कात्रण नीट वाचा. तीच बातमी त्याच आठवड्यात दोन-तीन पेपरांत त्याच शब्दांत आहे का? शेवटी "सूत्रसंचालन यांनी केले, आभार यांनी मानले" आहे का? मग ती तुमच्याच कार्यालयातून गेलेली प्रेसनोट आहे. छापणाऱ्याने मथळा बदलला असेल, बाकी तुमचंच. वर्धापनदिनाच्या पुरवणीतला मजकूर तर शेजारच्या जाहिरातीसह येतो. हे सगळं पहिल्या गठ्ठ्यात टाका. वार्ताहर स्वतः येऊन दोन बाजूंना भेटला, एखाद्या अभ्यासकाने शहरातल्या वाचनसंस्कृतीवर लिहिताना तुमची चार ओळींत दखल घेतली, विद्यापीठातल्या एखाद्या प्रबंधात तुमच्या दप्तराचा उपयोग झाला, तर ते दुसऱ्यात. जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ, तोही बघा. इंग्रजी अमदानीतलं १८८४ चं तुमच्या जन्माआधीचं आहे, पण राज्य शासनाने १९७७ मध्ये काढलेलं सोलापूर जिल्ह्याचं नवं गॅझेटियर आहे. तुमचं नाव त्यात सापडलं तर एक ओळसुद्धा दहा मानपत्रांपेक्षा जास्त कामाची.

दुसरा गठ्ठा दोन चिठ्ठ्यांवर थांबला तर? तर लेख नको. हे ऐकायला कडू आहे, पण कार्यकारिणीपुढे स्पष्ट सांगा. वाचनालय चांगलं काम करतं आणि त्याच्यावर ज्ञानकोशात लेख होऊ शकतो, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. शेकडो चांगल्या वाचनालयांवर लेख नाहीत, कारण त्यांच्याबद्दल कुणी बाहेरच्याने पुरेसं लिहिलेलंच नाही.

गठ्ठे झाले की तारखा तपासा. तुमच्या मजकुरात "१९३० साली स्थापन झालेली व धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीकृत" असं सलग लिहिलं आहे. वाचणाऱ्याला दोन्ही एकाच वेळचं वाटतं, आणि तसं असूच शकत नाही, कारण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाच १९५० चा. त्याआधीची नोंदणी असेल तर ती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली. ग्रंथालय म्हणून शासनमान्यता आणि अ, ब, क, ड हा दर्जा १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतरचा. म्हणजे चार माणसांनी एका खोलीत पेपर ठेवायला सुरुवात केली ते साल, नोंदणीचं साल आणि मान्यतेचं साल, अशा किमान तीन तारखा निघतात. तिन्ही वेगवेगळ्या लिहा. पहिल्या तारखेला बाहेरचा पुरावा नसेल तर "संस्थेच्या अमुक सालच्या अहवालानुसार" असं लावून लिहा. त्याने संस्था लहान होत नाही.

संस्थापकांचंही तसंच. स्मरणिकेत संस्थापक एकच असतो, मोठ्या फोटोसकट. १८६० च्या कायद्याप्रमाणे नोंदणीला किमान सात जणांच्या सह्या लागतात. ते मूळ ज्ञापन काढून सात नावं बघा. पूर्व भागातल्या संस्थांत त्यांत मागवाले असतील, गिरणीत जाणारे असतील, तेलुगू नावं असतील, एखादं कन्नड किंवा उर्दू असेल, आणि त्यातली निम्मी पुढच्या स्मरणिकांतून गळलेली असतील. यातून नवा इतिहास सिद्ध करायला मात्र जाऊ नका. जुनं दप्तर चाळून स्वतःचा निष्कर्ष काढणं हे संशोधन झालं. त्याची जागा एखादं नियतकालिक आहे, ज्ञानकोश नाही. तिथे एवढंच करा की ज्यावर मतभेद आहे ते 'संस्थापक' हे पद एकट्याच्या नावापुढे ठामपणे लावू नका.

'पहिले' हा शब्द दिसला की थांबा. सोलापूरकर म्हणून हे मला सांगायला जड जातं, कारण आपलं सगळं गावच एका 'पहिल्या'वर छाती फुगवून चालतं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर इथे उठाव झाला, गोळीबार झाला, पोलिसांचा अंमल काही दिवस उरला नाही, मग लष्करी कायदा लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. एवढं नोंदलेलं आहे आणि एवढंच वाचून कुणाचाही ऊर भरून येईल. "१९४७ च्या आधी स्वातंत्र्य भोगलेलं भारतातलं एकमेव शहर" हे मात्र आपलं अभिमानाचं वाक्य आहे. ते सभेत म्हणा, मीही म्हणतो. ज्ञानकोशात ते घालायचं तर कोण म्हणतं ते सांगून घालावं लागतं. आणि 'एकमेव' म्हणणाऱ्याने १९४२ च्या चळवळीत समांतर सरकारं झालेल्या सातारा, मिदनापूर, बलिया या नावांना काय म्हणायचं, हा प्रश्न बाहेरचा वाचक विचारणारच. तुमच्या वाचनालयाचं "पूर्व भागातले पहिले द्विभाषिक वाचनालय" याच जातीचं वाक्य आहे. त्याऐवजी मराठी आणि तेलुगू पुस्तकं किती, तेलुगू विभाग कधी सुरू झाला, हे लिहा. वाचणाऱ्याला जे समजायचं ते समजतं.

भाषेचं थोडं बोलतो. मराठीत पक्षपात क्रियापदातून शिरतो. तुमच्या मजकुरात अध्यक्ष 'होते', देणगीदार 'होते', आणि चाळीस वर्षं पुस्तकं बांधणारा माणूस 'होता'. वादात विरुद्ध बाजूला असलेले माजी विश्वस्त दुसऱ्या परिच्छेदापर्यंत 'त्यांनी' होते, चौथ्यात 'त्याने' झाले. तुम्ही हे मुद्दाम केलं नसेल. म्हणून तपासायचं. माझा नियम असा की आदरार्थी बहुवचन द्यायचं तर सगळ्यांना, ज्याच्यावर ठपका आहे त्यालासुद्धा. 'मा.', 'श्री.', 'कै.', 'कर्मयोगी', 'दानशूर' हे सगळं मात्र कुणालाच नाही. वारलेल्याच्या नावापुढे कंसात जन्म-मृत्यूची सालं पुरतात.

दुसरी खोड 'करण्यात आले' ची. "वाचनालय तात्पुरते बंद ठेवण्यात आले." कुणी ठेवलं? "इमारतीचे नूतनीकरण करण्यात आले." कुणाच्या पैशाने? आमदार निधीतून, महापालिकेच्या अनुदानातून, की वर्गणीतून? अहवालाची ही भाषा सभेत कुणाला दुखवायचं नाही म्हणून तयार झाली आहे, आणि तिथे ती शहाणपणाचीच आहे. लेखात मात्र कर्ता परत आणा. कर्ता सांगता येत नसेल तर का सांगता येत नाही याचा विचार करा. बहुतेक वेळा तिथेच गोम असते.

आता तिसरा प्रश्न, ज्यासाठी मला वाटतं तुम्ही बाकीचे दोन विचारलेत.

वाद गाळायचा नाही. वाचनालय वाचकांना बंद होतं, ही संस्थेच्या इतिहासातली मोठी घटना आहे. नव्या वातानुकूलित अभ्यासिकेच्या उद्घाटनाला तुम्ही तीन ओळी दिल्या आहेत. बंद राहण्याला एकही नसेल तर बाकीचा लेख कितीही कोरडा असो, तो झुकलेलाच. पण उलटही सांभाळायचं. शंभर वर्षांच्या संस्थेत काही वर्षांचा वाद असेल तर अर्धा लेख त्यावर नको. वाद ताजा असला की आतल्या माणसाला तेच सगळं आयुष्य वाटतं. बाहेरच्या लिखाणात त्याला जेवढी जागा मिळाली आहे, साधारण त्याच प्रमाणात लेखात द्या.

कसा लिहायचा, ते तुमच्याच तपशिलावरून दाखवतो. तुमचा मजकूर असा: "काही स्वार्थी घटकांनी निर्माण केलेल्या वादामुळे वाचनालयाच्या वाटचालीत अडथळे आले, मात्र सत्याचा विजय झाला." यात कोण, कधी, कुठे, काय, काहीच नाही, आहे तो फक्त निकाल, आणि तो तुम्ही दिलेला. त्याऐवजी चार गोष्टी सांगा. कोणत्या साली कार्यकारिणीच्या निवडीवर दोन गट झाले. दोन्ही गटांनी आपापला चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद मागणारा बदल अहवाल, धर्मादाय कार्यालयात दाखल केला. अमुक काळात वाचनालय बंद राहिलं. अमुक तारखेला अमुक आदेश झाला, आणि त्यावर अपील असेल तर ते प्रलंबित आहे. एवढंच. 'स्वार्थी' नाही, 'सत्य' नाही. आदेश तुमच्या बाजूचा असेल तर तो 'विजय' नव्हे. 'या गटाचा बदल अहवाल मंजूर झाला' इतकंच.

यात दोन खाचा आहेत. पहिली अशी की आदेशाची प्रत तुमच्या कपाटात आहे म्हणून तिच्यातले ठपके उचलून लेखात घालायचे नाहीत. आदेश हा मूळ कागद आहे. त्यातलं कोणतं वाक्य महत्त्वाचं हे तुम्ही निवडणार, आणि तुम्ही एका बाजूचे आहात. कुणा वार्ताहराने किंवा अभ्यासकाने त्याची दखल घेतली असेल तर तिच्या आधाराने लिहा. दुसरी खाच हयात माणसांची. त्या गटातल्या एखाद्यावर पुस्तकं गहाळ केल्याचा आरोप झाला होता, तोही तुमच्या मजकुरात नावासह आहे. तो काढा. हयात व्यक्तीवरचा आरोप भक्कम, त्रयस्थ आधाराशिवाय लेखात राहू देत नाहीत, आणि मानहानीचा दावा आला तर तो लिहिणाऱ्यावरही येऊ शकतो. गावात तुम्ही दोघं उद्या एकाच लग्नात पंगतीला बसणार आहात, हेही आहेच.

मजकूर तयार झाला की तो विरुद्ध गटातल्या एखाद्या समंजस माणसाला वाचायला देण्याची माझी पद्धत आहे. त्याला तो आवडायला नको. "यात खोटं काही नाही आणि माझं म्हणणं गाळलेलं नाही" एवढं तो म्हणाला की पुरे. स्मरणिकांच्या संपादनात मी हे अनेकदा केलं आहे. शिव्या खाल्ल्या, पण प्रत्येक वेळी एखादी तरी तारीख दुरुस्त झाली. असा माणूस मिळत नसेल तर गावाबाहेरच्या, वाचनालय कधीही न पाहिलेल्या कुणाला द्या, आणि वाचून झाल्यावर "लिहिणारा कोणत्या बाजूचा वाटतो?" एवढंच विचारा.

करायचं काय, ते आता क्रमाने. स्वतःच्या नावाने किंवा टोपणनावाने खातं काढा. संस्थेच्या नावाने नको, कारण एका खात्यामागे एकच माणूस असावा लागतो आणि कार्यवाह दर निवडणुकीला बदलतो. सदस्य पानावर लिहा की मी अमुक वाचनालयाचा मानद कार्यवाह आहे. मसुदा तुमच्या धूळपाटीवर, म्हणजे खात्यासोबत मिळणाऱ्या कच्च्या लिखाणाच्या पानावर करा, प्रत्येक विधानाला आधार जोडा. स्मरणिकेतले परिच्छेद जसेच्या तसे चिकटवू नका. त्यांचे हक्क कुणाचे हा वेगळाच घोळ होतो आणि लेख त्याच कारणावरून पुन्हा उडतो. मग एखाद्या जाणत्या सदस्याला किंवा प्रचालकाला (तिथली व्यवस्था पाहणाऱ्याला) मसुदा तपासून लेखाच्या जागी हलवायची विनंती करा. लेख झाल्यावर पुढच्या सगळ्या दुरुस्त्या लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर सुचवा. अपवाद ठरलेले आहेत: उघड शिवीगाळ काढणं, स्पष्ट चुकलेला आकडा आधारासह सुधारणं, शुद्धलेखन. उत्तर यायला वेळ लागतो, कारण मराठीत काम करणारे हात थोडे आहेत. वेळ लागला म्हणून स्वतःच बदल करून टाकू नका. आणि लेख एकदा झाला की तो तुमच्या ताब्यात राहत नाही. उद्या कुणी आधार देऊन नकोशी गोष्ट त्यात घातली तर ती राहील. ही गोष्ट कार्यकारिणीला आजच सांगून ठेवा.

एक काम असं आहे की ते तुम्हीच सगळ्यांत चांगलं करू शकता आणि त्यात हितसंबंधाचा प्रश्न जवळजवळ येत नाही. इमारतीचे, अभ्यासिकेचे, तेलुगू विभागाच्या कपाटांचे फोटो स्वतः काढा आणि कुणालाही वापरता येतील अशा मुक्त परवान्याखाली विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामायिक भांडारात, चढवा. लेखकाचं नाव नसलेल्या छापील मजकुराचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. तुमचे तसले जुने अहवाल स्कॅन करून ठेवा, आणि ते तिथे चढवता येतील का ते आधी तिथल्या जाणत्या सदस्यांना विचारा. आणि माळ्यावर गावातल्या जुन्या दैनिकांचे जे बांधीव खंड आहेत ना, त्यांची सालवार यादी करा. त्यात तुमच्या वाचनालयाचा, शेजारच्या वाचनालयांचा, गिरणी संपांचा जिथे जिथे उल्लेख आहे ती तारीख आणि पान टिपा, आणि ती यादी चर्चा पानावर टाका. त्यावरून लेख बाहेरच्या कुणी लिहू दे.